विकत घेतलेली पंधरा मिनिटे

अमेरिकेतील काळ्या जनतेच्या लढ्याविषयी मराठीत गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि नावापासूनच हे नाते उघड झाले. त्यांची कविता, त्यांची आत्मचरित्रे, त्यांच्या नेत्यांची भाषणे आपण वाचली, वर्गात शिकवली, व्यासपीठावरून सांगितली. मात्र या सगळ्यात एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारीत नाही. निरोप पोहोचत कसा होता? अमुक चर्चमध्ये अमुक वाजता सभा आहे हे मोलकरणीला, हमालाला, कापसाच्या शेतावर राबणाऱ्या मजुराला कोण सांगत होते? ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्याला कोण सांगत होते? आणि ते सांगण्याचे पैसे कोण भरीत होते?

या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी गावोगावच्या लहान नभोवाणी केंद्रांत, आणि त्या केंद्रांवर काळ्यांच्या चर्चनी विकत घेतलेल्या वेळेत सापडते. कधी अर्धा तास, कधी पंधरा मिनिटे, कधी नुसती एका मिनिटाची जाहिरात. धर्माची जाहिरात म्हटले की आपल्या वाचकाच्या कपाळावर आठी पडते. माझ्याही पडते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मी वाढलो. देवाच्या नावाने पैसा गोळा करणारा माणूस पाहिला की माझा हात आपोआप खिसा दाबून धरतो. तरीही हा इतिहास आपण नीट पाहिला पाहिजे, कारण तो केवळ धर्माचा नाही. ज्यांचा आवाज कुणी फुकट ऐकून घेत नव्हते त्यांनी तो पैसे भरून कसा ऐकवला, याचा तो इतिहास आहे.

विकतच्या जागेचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, ही गोष्ट धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवून ठेवली आहे. कुणी उपकार मागितला नव्हता. रोख मोबदला देऊ केला होता. म्हणजे जो पैसे टाकील त्याला माल मिळतो, हा बाजाराचा साधा नियमसुद्धा अस्पृश्याच्या पैशाला लागू नव्हता. हे मनात ठेवून अमेरिकेकडे जाऊ.

तिकडे नभोवाणी आणि चर्च यांची गाठ फार लवकर पडली. पिट्सबर्ग शहरात केडीकेए हे केंद्र नोव्हेंबर १९२० मध्ये सुरू झाले आणि पुढच्या दोनच महिन्यांत, २ जानेवारी १९२१ रोजी, तेथील कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील रविवारची उपासना त्याने प्रक्षेपित केली. चर्चमध्ये यंत्रे घेऊन जे दोन तंत्रज्ञ गेले होते त्यांतला एक ज्यू होता आणि दुसरा कॅथलिक. भक्तांना विचित्र वाटू नये म्हणून दोघांनाही गायकवृंदाचे झगे घालून बसवले होते! पुढे चार-पाच वर्षांत अनेक चर्चनी आपली स्वतःची केंद्रे काढली. लॉस एंजेलिसमध्ये एमी सेम्पल मॅक्फर्सन या बाईंनी १९२४ साली केएफएसजी हे केंद्र उभारले. हवेत जागा मोकळी होती; ज्याच्याजवळ यंत्र होते तो बोलत होता.

ही मोकळीक टिकली नाही. १९२७ च्या कायद्याने नभोवाणी सरकारी आयोगाच्या नियंत्रणाखाली आली. ध्वनिलहरी थोड्या, मागणारे फार, तेव्हा परवाना कुणाला, असा प्रश्न उभा राहिला. आयोगाने व्यापारी केंद्रांना ‘सर्वांसाठीची’ केंद्रे मानले आणि चर्च, कामगार संघटना, एखादा विशिष्ट विचार सांगणाऱ्या संस्था यांच्या केंद्रांवर ‘प्रचारकी’ असा शिक्का मारला. साबण विकणारा सर्वांचा, आणि मजुरांची बाजू मांडणारा प्रचारकी! धर्मसंस्थांची पुष्कळ केंद्रे त्या काळात बंद पडली किंवा विकली गेली.

मग धर्माला हवेत जागा कुठे? मोठ्या जाळ्यांनी त्यावर एक सभ्य तोड काढली. एनबीसी हे जाळे १९२६ साली सुरू झाले. धर्मासाठी वेळ विकायची नाही, ती फुकट द्यायची, पण ती त्या त्या धर्माच्या मान्यवर मध्यवर्ती संस्थांनाच द्यायची, असे त्याचे धोरण होते. प्रॉटेस्टंटांची वेळ फेडरल कौन्सिल ऑफ चर्चेस या संस्थेच्या हाती गेली. न्यूयॉर्कचे हॅरी एमर्सन फॉस्डिक यांच्यासारखे विद्वान, संयत, गोरे धर्मोपदेशक देशभर ऐकू येऊ लागले. सीबीएसने सुरुवातीला वेळ विकली. पण डेट्रॉइटजवळचा कॅथलिक पाद्री चार्ल्स कॉफलिन याच्या जहाल राजकीय भाषणांनी अडचण होऊ लागली, तेव्हा १९३१ साली त्यानेही विक्री बंद करून फुकट वेळेचा मार्ग धरला.

फुकट म्हटले की ते गरिबाच्या सोयीचे असणार असे आपल्याला वाटते. येथे नेमके उलटे झाले. फुकट मिळणारी वस्तू कुणाला द्यायची हे ठरवणारा एक दरवान असतो, आणि दरवानाला माणसाची इभ्रत दिसते. काळ्यांचे काही मोठे पंथ फेडरल कौन्सिलचे सदस्य होते हे खरे. क्लीव्हलंडच्या रेव्हरंड ग्लेन सेटल यांचा ‘विंग्ज ओव्हर जॉर्डन’ हा गायकवृंद १९३७ साली डब्ल्यूजीएआर या स्थानिक केंद्रावर सुरू होऊन पुढच्याच वर्षी सीबीएसवर देशभर गेला, हेही खरे. पण तो अपवाद. दुकानाच्या रिकाम्या गाळ्यात खुर्च्या मांडून चालणारी जी हजारो चर्चेस उत्तरेच्या शहरांत होती, जेथे दक्षिणेतून आलेला मजूर रविवारी टाळ्या वाजवीत, घाम गाळीत, मोठ्याने ‘आमेन’ म्हणत उपासना करी, त्यांना मान्यवरांच्या यादीत कोण घेणार? त्यांना एकच दार उघडे होते. स्थानिक केंद्राच्या खिडकीवर जायचे, दर विचारायचा, पैसे मोजायचे.

आणि स्थानिक केंद्राला ते पैसे हवे होते. नभोवाणीवर सगळे तास सारख्या भावाने जात नाहीत. सकाळी लोक कामाला निघताना आणि संध्याकाळी परतताना भाव चढा असतो. रविवारची सकाळ आणि रात्री उशिराची वेळ मात्र कुणी जाहिरातदार घेत नाही. हा पडीक तुकडा चर्चच्या कामाचा होता, कारण रविवारची सकाळ हीच तर त्याची वेळ. भाड्याच्या टेलिफोन तारेने चर्चमधला ध्वनिक्षेपक केंद्राला जोडायचा की प्रक्षेपण सुरू. पैसे उभे राहत ते थाळीत पडणाऱ्या नाण्यांतून, श्रोत्यांनी पत्रांतून पाठवलेल्या दहा-दहा सेंटांतून, आणि प्रायोजकांकडून. हे प्रायोजक कोण? वस्तीतलाच अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक, विम्याचा एजंट, किराणा दुकानदार. मेल्यावर गोरा ज्याला आपल्या स्मशानात येऊ देत नाही त्याच्या मातीची व्यवस्था करणारा धंदा काळ्यांच्याच हाती राहिला होता, आणि त्या धंद्याच्या पैशावर जिवंतांचा आवाज हवेत जात होता. हा विरोधाभास आपल्या लेखकांनी ध्यानात घ्यावा असा आहे.

शिकागोचे उदाहरण या बाबतीत सगळ्यांत बोलके आहे. तेथे डब्ल्यूएसबीसी नावाचे लहानसे केंद्र होते. ते निरनिराळ्या देशांतून आलेल्या स्थलांतरितांना त्यांच्या त्यांच्या भाषेतील कार्यक्रमांसाठी वेळ विकीत असे. जॅक कूपर या काळ्या माणसाने ३ नोव्हेंबर १९२९ पासून त्या केंद्रावर ‘ऑल निग्रो अवर’ हा कार्यक्रम सुरू केला. त्या काळी स्वतः काळेही हाच शब्द वापरीत. नाव म्हणून तो येथे तसाच ठेवला आहे. कूपरने पुढे धंद्याची एक युक्ती साधली. तो केंद्राकडून तासच्या तास घाऊक घेई आणि त्यांचे तुकडे जाहिरातदारांना किरकोळ विकी. केंद्राचा मालक गोरा, पण त्या तासांपुरता दुकानदार काळा. त्याच्या वेळेत काळ्यांच्या चर्चमधील उपासना ऐकू येऊ लागल्या. १९३८ साली त्याने हरवलेल्या माणसांचा शोध घेणारा कार्यक्रम सुरू केला. दक्षिणेतून उत्तरेत आलेल्या लाखोंच्या लोंढ्यात भाऊ भावाला चुकला होता, आई लेकाला. त्यांची नावे हवेतून पुकारली जाऊ लागली. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलाचा पत्ता न लागलेली म्हातारी आमच्या मराठवाड्यातल्या प्रत्येक वस्तीत असे. तिला असे पुकारणारे कुणी नव्हते.

त्याच शिकागोत रेव्हरंड क्लॅरेन्स कॉब्स यांनी १९२९ साली फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्स स्थापन केले आणि १९३४ पासून त्याच्या उपासना नभोवाणीवरून जाऊ लागल्या. १९३९ साली टोप्यांच्या जुन्या कारखान्याच्या जागी या चर्चची नवी वास्तू उभी राहिली. तिचा वास्तुकार वॉल्टर बेली हा इलिनॉय राज्यातला परवाना मिळालेला पहिला काळा वास्तुकार. त्याच वर्षी केनेथ मॉरिस यांनी या चर्चमध्ये हॅमंड ऑर्गन आणला, आणि गॉस्पेल संगीताला ते वाद्य कायमचे चिकटले. वाफेच्या इस्त्रीजवळ उभी असलेली धोबीण आणि रात्रपाळीचा हमाल यांना चर्चमध्ये जायला सवड नव्हती. चर्च त्यांच्याकडे येत होते. शब्दासाठी जितके, तितकेच गाण्यासाठी लोक ऐकत.

आता टेनेसी राज्यातील मेंफिसला जाऊ. तेथे जॉन पेपर आणि बर्ट फर्ग्युसन या दोन गोऱ्यांनी १९४७ साली डब्ल्यूडीआयए हे केंद्र काढले. ते चालेना. बुडत्याचा पाय खोलात जाऊ लागला तेव्हा त्यांनी एक गोष्ट करून पाहिली. ऑक्टोबर १९४८ मध्ये नॅट विल्यम्स यांना ध्वनिक्षेपकासमोर बसवले. विल्यम्स हे बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कुलात इतिहासाचे शिक्षक. दिवसभर शाळेत शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर नभोवाणीवर बोलायचे. (मी स्वतः इतिहास शिकवतो, म्हणून या माणसाविषयी मला जरा जास्त आपलेपणा वाटतो, हे वाचकांनी समजून घ्यावे.) वर्षभरात केंद्राचा सगळा कार्यक्रम काळ्यांसाठी झाला, देशातले असे ते पहिलेच. १९५४ साली त्याला ५०,००० वॅटची परवानगी मिळाली आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या कापसाच्या शेतांपर्यंत त्याचा आवाज जाऊ लागला.

डब्ल्यूडीआयएवर चर्चच्या जाहिराती होत्या, गॉस्पेलचे कार्यक्रम होते, आणि त्यांच्या मध्ये ‘गुडविल’ म्हणून फुकट दिली जाणारी निवेदने होती. अमक्या चर्चचा वार्षिक दिवस आहे. अमक्याचे मूल हरवले आहे. चर्चची मासळीच्या जेवणाची विक्री आहे. अमक्याचा अंत्यविधी अमुक दिवशी. वरवर पाहता किरकोळ गोष्टी. पण शहरातल्या गोऱ्यांच्या वृत्तपत्रात काळ्या माणसाचे नाव आले तर ते चोरी-मारामारीच्या बातमीतच यायचे. लग्न, बारसे, मयत, मुलाचे पहिले येणे यांसाठी आपले नाव हजारो घरांत मोठ्याने उच्चारले जाणे, ही गोष्ट ज्यांना कुणी नावाने हाक मारीत नव्हते त्यांना काय वाटली असेल? आपल्या बापाला गावात एकेरी, मोडक्या नावाने हाक मारलेली ज्याने ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

येथे मला दवंडीची आठवण होते. माझे आजोबा येसकरकी करीत. पाटलाचा निरोप, सरकारी सारावसुलीची सूचना, कुणाच्या मर्तिकाची वर्दी, हे सगळे त्यांच्या तोंडून गावाला आणि परगावाला कळे. म्हणजे गावाचा आवाज महाराचाच होता! त्याशिवाय गावाला काही कळत नव्हते. पण त्या आवाजात आजोबांचे स्वतःचे एक वाक्य कधी नव्हते. महारवाड्यात माणूस भुकेने मेला म्हणून गावात कधी दवंडी फिरली नाही. मेंफिसमध्ये काय होते? आवाज काळ्याचा, परवाना गोऱ्याचा, आणि पैसा जाहिरातदाराचा. तरीही दवंडीपेक्षा हे निराळे होते, कारण त्या आवाजाला आपल्या वस्तीसाठी बोलण्याची थोडी फट मिळाली होती, आणि ती फट मालकाच्या दयेतून नव्हे तर त्याच्या गल्ल्यातून उघडली होती. काळ्यांच्या घरातला पैसा त्याला हवा होता. ही फट किती रुंद, याचा निकाल पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लागायचा होता.

परवानाच आपल्या हाती असला तर काय होते याचे उदाहरण अटलांटात आहे. तेथे जेसी ब्लेटन या काळ्या हिशेबतपासनिसाने, जे विद्यापीठात शिकवीतही असत, १९४९ साली डब्ल्यूईआरडी हे केंद्र ५०,००० डॉलरना विकत घेतले. देशातले काळ्याच्या मालकीचे हे पहिले केंद्र. ऑबर्न अव्हेन्यूवरच्या ज्या इमारतीत ते होते तिच्याच खालच्या मजल्यावर पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सची कचेरी आली. किंग यांना काही जाहीर करायचे असले की ते केरसुणीच्या दांड्याने छतावर ठोकीत आणि वरून ध्वनिक्षेपक खाली सोडला जाई, अशी आठवण तेथे काम केलेले निवेदक जॅक गिब्सन सांगत. गोष्ट सांगता सांगता थोडी रंगली असेलही. पण छतावर ठोकून ध्वनिक्षेपक मागता येणे, हे मालकी म्हणजे काय याचे इतके नेमके चित्र आहे की अर्थशास्त्राच्या पुस्तकातही ते सापडायचे नाही.

दक्षिणेत सगळीकडे असे छत नव्हते. अलाबामातील माँटगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५ रोजी बसवरचा बहिष्कार सुरू झाला. त्याचा निरोप आधी हाताने गेला. जो ॲन रॉबिन्सन या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी एका रात्रीत हजारो पत्रके छापून घेतली. रविवारी चर्चच्या व्यासपीठांवरून घोषणा झाल्या. गोऱ्यांच्या वर्तमानपत्राने ही बातमी पहिल्या पानावर छापली आणि ज्यांच्यापर्यंत पत्रक गेले नव्हते त्यांनाही शत्रूनेच कळवून टाकले.

आठ वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये मात्र नभोवाणी मुख्य साधन झाली. तेथील काळ्यांसाठीची केंद्रे गोऱ्यांच्या मालकीची होती. पोलीस आयुक्त बुल कॉनर केंद्रांचे कार्यक्रम ऐकणार नाही असे कोण म्हणेल? किंग यांच्या चळवळीत मोठी माणसे अटकेला उभी राहीनात. नोकरी गेली तर घर बसत होते. तेव्हा शाळेतल्या मुलांनी उतरायचे ठरले. २ मे १९६३ च्या सुमारास डब्ल्यूईएनएनवरचे शेली स्टुअर्ट आणि ‘टॉल पॉल’ व्हाइट या निवेदकांनी गाण्यांच्या मधून सांगितले, की बागेत मेजवानी आहे, मुलांनी यावे, आणि येताना दात घासायचा ब्रश आणावा. मुलांना कळायचे ते कळले. मेजवानीला कुणी ब्रश नेत नाही. रात्र तुरुंगात काढायची असली तर नेतो. सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चच्या दारातून मुलांच्या रांगा बाहेर पडल्या, आणि पहिल्याच दिवशी शेकडो मुले तुरुंगात गेली. मालकाच्या केंद्रावरून, मालकाच्या कानादेखत, नेहमीच्या करमणुकीच्या निवेदनाच्या वेषात हा निरोप गेला. त्याच चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ रोजी गोऱ्या द्वेष्ट्यांच्या बॉम्बने चार मुली मेल्या. रविवारची सकाळ होती.

अशी निवेदने ऐकून समजायला कान तयार असावा लागतो, आणि तो कान वर्षानुवर्षे चर्चच्या साध्यासुध्या निवेदनांनी तयार केला होता. रोज संध्याकाळी जो आवाज मासळीच्या जेवणाची वेळ सांगतो त्याच्यावर लोकांचा विश्वास बसलेला असतो. चळवळीला ही यंत्रणा आयती मिळाली. ऑगस्ट १९६७ मध्ये अटलांटात काळ्या नभोवाणी निवेदकांच्या अधिवेशनात बोलताना किंग यांनी टॉल पॉल व्हाइट यांचे नाव घेऊन हे ऋण मान्य केले.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. ज्याला पैसे मोजून वेळ मिळते त्याला लोकांकडून पैसे काढावेच लागतात, आणि तेथून भोंदूगिरीची वाट फार लांब नाही. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कचे रेव्हरंड आइक शेकडो केंद्रांवरून बोलत. दारिद्र्य हे पापाचे मूळ, पैसा हाच देवाचा प्रसाद, असे त्यांचे सांगणे. पत्र पाठवणाऱ्याला ते प्रार्थनेचे फडके पाठवीत. ज्या मोलकरणीच्या दहा सेंटांवर शिकागोचे प्रक्षेपण उभे राहिले होते तिच्याच पर्समधले हेही सेंट. शिवाय १९६० साली संघीय आयोगाने जाहीर केले, की केंद्राने धर्मासाठी वेळ फुकट दिली काय आणि विकली काय, लोकहिताच्या हिशेबात दोन्ही सारखेच. त्याबरोबर केंद्रांनी फुकटची वेळ आवरती घेतली आणि पैसेवाल्या गोऱ्या सनातनी प्रचारकांनी हवा भरून काढली. विकतचे दार गरिबालाही उघडे असते खरे. पण त्या दारातून श्रीमंत अधिक सुखाने शिरतो. कॉफलिनचे पुढे काय झाले तेही आठवावे. सीबीएसने दार लावल्यावर तो एकेका केंद्राकडून वेळ विकत घेत राहिला आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस उघड ज्यूद्वेष ओकू लागला. विकतच्या वेळेला स्वतःची नीती नसते.

म्हणून काळ्यांच्या लढ्याने केवळ वेळ विकत घेण्यावर भागवले नाही, परवान्यालाही हात घातला. मिसिसिपीतील जॅक्सन शहरी डब्ल्यूएलबीटी हे दूरदर्शन केंद्र होते. त्याच्या टापूतली जवळजवळ निम्मी वस्ती काळी, आणि केंद्र वंशभेदाचा उघड पुरस्कार करणारे. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टच्या एव्हरेट पार्कर यांनी मार्च १९६४ मध्ये स्वयंसेवक बसवून आठवडाभर त्याच्या कार्यक्रमांची नोंद केली आणि परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. आयोग म्हणाला, तुमचा येथे संबंध काय? त्या वेळी आर्थिक नुकसान होणारा धंदेवाला किंवा ज्याच्या लहरीत अडथळा येतो तो, एवढ्यांनाच हरकत घेण्याचा अधिकार होता. १९६६ साली अपील न्यायालयाने निकाल दिला, की ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या जनतेलाही तो अधिकार आहे. १९६९ साली परवानाच रद्द झाला. एका चर्चने पैसे न मोजता हवेत मिळवलेली ही सर्वांत मोठी जागा, असे मी म्हणेन.

स्थानिक केंद्रांचे पुढे काय झाले? ब्लेटन यांनी डब्ल्यूईआरडी १९६८ साली विकले. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती केंद्रे असावीत यावरची मर्यादा उठली आणि क्लिअर चॅनल या कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रे जमा झाली. कार्यक्रम दूरच्या शहरात तयार होऊ लागले. त्या कार्यक्रमात मासळीच्या जेवणाची वेळ कोण सांगणार? यावर उतारा म्हणून १०० वॅटपर्यंतची अल्पशक्ती केंद्रे देण्याचे ठरले, आणि जानेवारी २०११ मधील कायद्याने त्यांची वाट मोकळी झाली. असे केंद्र साधारण पाच-सहा किलोमीटरांपर्यंत ऐकू येते. ते नफ्यासाठी चालवता येत नाही, जाहिरात घेता येत नाही. मदत करणाऱ्याचे नाव तेवढे सांगता येते. यांतले पुष्कळ परवाने चर्चनी घेतले आहेत. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी प्रचारकी म्हणून हवेबाहेर काढलेली संस्था पाच किलोमीटरांपुरती पुन्हा आत आली.

आपल्याकडे ही वाट मुळातूनच वेगळी राहिली. नभोवाणी सरकारची. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीच्या मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या. पण संपूर्णतः किंवा मुख्यतः धार्मिक वा राजकीय हेतूची जाहिरात घ्यायची नाही, असा आकाशवाणीच्या जाहिरात संहितेचा नियम. खाजगी एफएम केंद्राचा परवाना धर्मसंस्थेशी संलग्न कंपनीला मिळत नाही, आणि अशा केंद्राला स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीची जशीच्या तशी द्यावी लागते. धर्मांधतेला लगाम म्हणून हे नियम योग्यच आहेत, असे माझे आजही मत आहे. पण त्यांचा एक परिणाम नोंदवला पाहिजे. ज्याची संस्कृतीच देशाची संस्कृती समजली जाते त्याला धार्मिक जाहिरातीची गरजच पडत नाही. पहाटेची भक्तिगीते हा ‘कार्यक्रम’ असतो, जाहिरात नव्हे. वर्षावासातल्या प्रवचनाची वेळ सांगायची झाली तर मात्र ती जाहिरात ठरते. आम्ही अजूनही रिक्षावर भोंगा बांधतो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये नफ्यासाठी न चालणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्र काढण्याची मुभा मिळाली. संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी, शक्ती १०० वॅटची. आपल्या किती संस्थांनी, किती महाविद्यालयांनी अर्ज केले याची चौकशी वाचकांनी आपापल्या जिल्ह्यात करावी. तेलंगणातील झहीराबादजवळच्या दलित बायकांनी, ज्यांच्यातल्या पुष्कळ शेतमजूर आहेत, ते करून दाखवले आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघमांचे ‘संघम रेडिओ’ हे केंद्र १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाले. बियाणे, औषधी वनस्पती, गाणी, मजुरी, सगळे तेथे त्यांच्या बोलीत बोलले जाते. यंत्रे आणि खोली १९९० च्या दशकातच तयार होती. परवाना नव्हता. मधली सगळी वर्षे त्या बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत आणि फिती गावोगावच्या संघमांच्या बैठकीत नेऊन ऐकवीत.